संगीत-विचार : मृदु गाणें दुबळें असतें काय?

भोकरदन तालुक्यांतील, पूर्णेच्या कांठच्या केदारखेडा गांवाहून एका भगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. कुटुंब एकत्र आहे, घरांत जुन्या तबकड्यांचा संग्रह आहे, आणि जेवणानंतर ओसरीवर गाण्याची चर्चा होणें हा त्या घरचा नित्याचा परिपाठ आहे. परंतु गेल्या वर्षापासून त्या चर्चेला कलहाचें रूप येऊं लागलें आहे, असें त्या कळवितात.

त्यांचे मामंजी म्हणतात, मराठी गाणें म्हणजे जी. एन. जोशी, जे. एल. रानडे आणि गजानन वाटवे यांचें गाणें. पुढें जें झालें ती कसरत. भाऊजी ख्यालगायन शिकलेले आहेत. त्यांना हीं गाणीं पाणी घातलेल्या दुधासारखीं लागतात. पुतण्या संभाजीनगरास अभियांत्रिकीचा अभ्यास करीत आहे व हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींचा तो निस्सीम भक्त आहे. आरंभींचीं भावगीतें ही केवळ बाराखडी होती, ती शिकून झाल्यावर पाटी पुसून टाकावी, असें त्याचें म्हणणें. या तिघांच्या वादांत बाईंची सोळा वर्षांची कन्या मात्र गप्प झाली आहे. ती हींच गाणीं गोड म्हणत असे. यंदा गणपतीपुढें तिनें गाण्यास नकार दिला. "तिघांपैकीं कोणाचें खरें मानावें?" असा बाईंचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी वाद शेंकडों घरांतला आहे. म्हणून त्याचा थोडा मुळापासून विचार करूं.

हीं गाणीं मृदु कां झालीं, हें प्रथम पाहिलें पाहिजे. त्यांपूर्वीं घरोघरीं ऐकूं येणारें गाणें बहुतांशीं रंगभूमीवरचें होतें. नाटकगृहांत मायक्रोफोन नव्हता; शेवटच्या रांगेंतल्या श्रोत्यापर्यंत आवाज पोंचविणें हें नटाचें पहिलें कर्तव्य होतें. आरंभींच्या तबकड्यांचीही तीच अडचण होती. गायकास कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून खणखणीत गावें लागे, कारण हळुवार स्वर मेणावर उमटतच नसे. १९२५ सालीं पाश्चात्त्य देशांत विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि कांहीं वर्षांतच तें आपल्याकडेही आलें. १९२७ च्या जुलै महिन्यांत मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. आतां कुजबुजही ऐकूं येऊं लागली. एका माणसानें दुसऱ्या माणसाच्या कानाशीं बोलावें तसें गातां येणें हें त्या पिढीला नव्यानेंच शक्य झालें होतें. तेव्हां त्या गायकांनीं आवाज खालीं आणला तो अशक्ततेमुळें नव्हे. मोठ्यानें ओरडण्याची सक्ती संपली म्हणून आणला.

दुसरें कारण कवितेचें. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें, आणि माधव जूलियन, यशवंत, गिरीश प्रभृति कवींमुळें कविता मोठ्यानें वाचण्याची व गाऊन दाखविण्याची आवड सुशिक्षित समाजांत पसरली. कविता ऐकावयाची तर शब्द स्पष्ट कळला पाहिजे, आणि शब्द कळावयाचा तर तानेनें त्याच्या अंगावर बसतां कामा नये. तिसरें कारण तबकडीच्या मापाचें. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. तेवढ्या अवकाशांत तीन-चार कडवीं म्हणावयाचीं म्हणजे विस्ताराला जागा उरत नाहीं. एखादी हरकत, एखादी मींड, आणि पुनः शब्द. या मर्यादेंतून जी काटकसर जन्मली तीच पुढें भावगीताची शोभा ठरली.

याचें उत्तम उदाहरण केदारखेड्यास फार दूरचें नाहीं. जालन्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर येथें ना. घ. देशपांडे हे कवि वकिली करीत. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनीं १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तबकडीवर गाइली, आणि मराठी भावगीताचा आरंभ बहुतेक जाणकार तेथूनच मोजतात. गाणारेही वकिलीचेंच शिक्षण घेतलेले होते, हा योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. त्या काळीं मेहकर वऱ्हाडांत होतें आणि भोकरदन-जालन्याचा मुलूख निजामाच्या राज्यांत. राज्यें दोन, परंतु गाण्याला जकातनाका आडवीत नाहीं. देशपांडे यांचा 'शीळ' हा काव्यसंग्रह १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे पुस्तक हातीं येण्यापूर्वीं वीस वर्षें ही कविता लोकांच्या ओठांवर होती. जें गाणें पुस्तकाची वाट न पाहतां वीस वर्षें टिकतें, त्यास पाणी घातलेलें दूध म्हणतांना भाऊजींनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे.

परंतु भाऊजींचा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. त्यांच्या बाजूनें आम्हीच एक भक्कम साक्ष काढतों. गंगूबाई हनगल यांच्या तारुण्यांतील तबकड्या 'गांधारी हनगल' या नांवानें निघाल्या होत्या. त्यांत जी. एन. जोशी यांच्याबरोबर म्हटलेलीं मराठी युगुलगीतेंही आहेत. तो आवाज पातळ, उंच आणि कोवळा आहे. पुढें घशाच्या विकारानंतर त्यांचा स्वर भारदस्त झाला, आणि १९४५ च्या सुमारास त्यांनीं हलकें गाणें सोडून केवळ रागगायनास वाहून घेतलें. त्यांच्या चाहत्यांतही असेच तट आहेत. कोणी म्हणतो, तीं आरंभींचीं गाणीं म्हणजे थोर गायिकेच्या चरित्रांतील एक तळटीप. कोणी म्हणतो, तो कोवळा गोडवा पुनः ऐकावयास मिळाला नाहीं. एका पक्षाला झाडाचें खोड पाहिजे, दुसऱ्याला मोहोर. आम्हांस वाटतें, दोघांचेंही ऐकणें अपुरें आहे. त्या तबकड्या शांतपणें ऐकाव्या. स्वर जेथें लागावयास पाहिजे तेथेंच लागतो, शब्दाच्या शेवटास श्वास अडखळत नाहीं. पुढें जी तपश्चर्या तासभराच्या ख्यालांत दिसली, तिची शिस्त या तीन मिनिटांतही आहे. भावगीतानें गळा बिघडतो हें म्हणणें या उदाहरणानें तरी सिद्ध होत नाहीं. फार तर इतकेंच सिद्ध होतें कीं, ज्याला ख्याल गावयाचा आहे त्याला एके दिवशीं निवड करावी लागते. परंतु ती निवड करणें हा गाणाऱ्याचा हक्क आहे. गाणाऱ्याच्या काकांचा नव्हे.

आतां पुतण्याकडे वळूं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली अवघड आहेत हें खरें, आणि त्या अवघडपणांत सौंदर्य आहे हेंही खरें. आरती प्रभु किंवा ग्रेस यांच्या कवितांना त्यांनीं दिलेल्या चालींत पुढची ओळ कोणत्या स्वरावर उतरेल याचा अंदाज श्रोत्यास बांधतां येत नाहीं. कवितेंतलें गूढ चालींतही उतरतें. परंतु याच संगीतकारानें ज्ञानदेवांच्या विराण्यांना चाली दिल्या, तेव्हां आपलें सारें कौशल्य शब्दाच्या मागें उभें केलें, हें पुतण्याच्या ध्यानांत आलें नसावें. बाराखडी पुसून टाकावयाची असती, तर प्रगल्भ वयांत ती पुनः इतक्या आदरानें कोणी गिरविली नसती.

त्याच्या पिढीला विलायतेचे दाखले अधिक पटतात, म्हणून एक तिकडचाही देतों. १९६९ सालीं इंग्लंडांतील 'किंग क्रिम्झन' नांवाच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. रॉक संगीतास गुंतागुंतीची, नवी दिशा देणाऱ्या मंडळींत तिची गणना होते. तिच्यांतलें पहिलें गीत मुद्दाम कर्कश आहे, आणि त्याच्या लगोलग येणारें दुसरें गीत बासरीच्या साथीनें अगदीं हलक्या स्वरांत म्हटलेलें आहे. अशा वृंदांचीं आरंभींचीं सौम्य गीतें खरीं कीं पुढचा गडगडाट खरा, यावर तिकडचे श्रोते आजही केदारखेड्याच्या ओसरीइतकेच हिरीरीनें भांडत असतात. परंतु रचणाऱ्यांनीं तीं दोन्ही गीतें शेजारीं शेजारीं ठेविलीं होतीं, हेंच या भांडणाचें उत्तर आहे. वादळानंतरची शांतता ऐकूं यावी म्हणून वादळ, आणि वादळ कळावें म्हणून शांतता, अशी त्यांची योजना दिसते.

राहिले मामंजी. त्यांची बाजू आम्हीं आतांपर्यंत उचलून धरली, म्हणून त्यांच्याही कानीं दोन शब्द घालणें प्राप्त आहे. जुनें तेवढेंच गोड, हा न्याय त्यांच्या आवडत्या गाण्यांनाच मारक आहे. हीं गाणीं निघालीं तेव्हां तींही नवींच होतीं, आणि नाटकाच्या पदांवर पोसलेल्या श्रोत्यांनीं त्यांना फिकें व बेचव म्हटलें तर त्यांत नवल नव्हतें. गजाननराव वाटवे पुण्याच्या गणेशोत्सवांत चौकाचौकांत कविता गात. तेथें जमलेले श्रोते जर "पूर्वींचें तें राहिलें नाहीं" म्हणून उठून गेले असते, तर मामंजींच्या कपाटांत आज तबकड्या नसत्या. पुढें १९५५ सालीं पुणें आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालें, गदिमा आणि सुधीर फडके यांनीं छप्पन्न गीतांत सबंध कथा उभी केली, तीही याच मृदु गाण्याच्या पायावर. पाया जपावा, पण वर माडी चढूं नये असा हट्ट धरूं नये.

तर मग निवाडा काय? आमच्या मतें 'मृदु' आणि 'दुबळें' हे दोन शब्द एकमेकांचे शेजारी असले तरी भाऊबंद नव्हेत. मृदु गाण्याची परीक्षा वेगळी असते. तेथें तानेचा आडोसा नाहीं, ठेक्याचा दणका नाहीं. बेसूर स्वर झांकावयास जागाच नाहीं. तेव्हां तीन गोष्टी पाहाव्या. प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकूं येतें काय? श्वास अर्थाच्या जागीं घेतला जातो, कीं शब्द मध्येंच तोडून? आणि गाणें संपल्यावर चाल आठवते, कीं चालीबरोबर कविताही आठवते? ज्या गाण्यांत हीं तिन्ही साधलीं तें बलवान्, मग तें कितीही हळू म्हटलेलें असो. ज्यांत साधलीं नाहींत तें जुनें असलें तरी दुबळेंच. आणि तशींही पुष्कळ गाणीं त्या काळीं निघालीं व विसरलीं गेलीं, हें मामंजींनीं मोकळ्या मनानें मान्य करावें.

यापेक्षां महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. या गाण्यांचें खरें ऋण सुशिक्षित घरांतील स्त्रियांवर आहे. ख्यालाची बैठक त्यांच्यासाठीं नव्हती, नाटकाचें पद म्हटलें तर भुंवया चढत. परंतु कवितेच्या निमित्तानें, पेटीवर बोट ठेवून, चार भिंतींच्या आंत कां होईना, मोकळेपणानें गातां येणें हें अनेकींना भावगीतामुळें लाभलें. ज्या गाण्यानें घरांतल्या मुलींना आवाज दिला, त्याच गाण्याच्या वादानें घरांतल्या मुलीचा आवाज बंद व्हावा, ही गोष्ट तिन्ही पक्षांनीं विचारांत घ्यावी. कन्येनें सकाळीं काकांजवळ षड्जाचा रियाज करावा, चुलतभावानें सुचविलेली अवघड चालही बसवून पाहावी, आणि संध्याकाळीं जें गाणें आपणहून ओठांवर येईल तें म्हणावें. तें गाणें चालूं असतां वडील मंडळींनीं मतप्रदर्शन तहकूब ठेवावें, एवढीच आमची सूचना आहे.

वाचकांच्या घरींही अशा तबकड्या व असे तट असतील. आपल्या घरीं कोणतें मृदु गाणें तीन पिढ्यांना सारखेंच आवडतें, हें आम्हांस अवश्य कळवावें. निवडक पत्रांचा परामर्श पुढें याच सदरांत घेऊं.