रकाना कोराच राहिला

कचेरीत आम्ही रोज रकाने भरतो. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. हा शेवटचा रकाना कोरा असला की कागद पुढे सरकत नाही. वारसा नाही, पेन्शन नाही, काही नाही. डिसेंबर आला की आम्हाला असाच एक कोरा रकाना आठवतो. तो आमच्या कचेरीतला नव्हे.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. हवाई दलाच्या 32 व्या स्क्वाड्रनचे तरुण वैमानिक. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्धाला तोंड फुटले. दोनच दिवसांनी, 5 तारखेला, तांबे सुखोई-7 हे बॉम्ब टाकणारे लढाऊ विमान घेऊन शोरकोट रोड विमानतळावरच्या हल्ल्यात उतरले. या विमानात माणूस एकटाच बसतो. ते परतले नाहीत.

त्यांच्या पत्नी दमयंतीताई, माहेरच्या सुभेदार. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, 1970 च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. नवरा गेला म्हणून रडावे, तर त्याच डिसेंबरात ढाक्याच्या इंग्रजी वृत्तपत्राने जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांत ‘फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे’ असे नाव छापले. एका अक्षराचा फरक! मग कोणती बाई कुंकू पुसेल? युद्धानंतर आपण सुमारे 93,000 पाकिस्तानी कैदी सोडले. तिकडून आपले आले, त्यांत तांबे नव्हते. बेपत्ता 54 जणांच्या यादीत त्यांचे नाव राहिले. दमयंतीताईंनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि नवऱ्यासाठी सरकारी उंबरे झिजवले. 2007 साली बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, त्यांत त्याही होत्या. हाती काही लागले नाही. आमच्याकडे कोणी नाही, हेच पाकिस्तानचे उत्तर.

परवा चिंचपाड्याला घरी हे सांगत बसलो होतो. शेजारच्या मावशी दाराशी बसून ऐकत होत्या. त्यांचा थोरला गुजरातेत ऊसतोडीला गेला, त्याला आठ वर्षे झाली. मुकादम म्हणतो, मधेच निघून गेला. सात वर्षे खबर नसली तर कायदा माणूस मेला असे धरू शकतो, हे मावशींना आम्हीच दोनदा समजावले होते. सुनेला विधवेची पेन्शन तरी मिळेल, एवढाच हेतू. अर्जही आम्हीच लिहिला. मावशी अंगठा देईनात, तेव्हा आम्ही थोडे चिडलोही होतो.

मावशींनी विमानाचे काही विचारले नाही. म्हणाल्या, “भाऊ, त्या बाईने फोटोला हार घातला का हो? पुण्यानुमोदनाला दिवस कोणता धरायचा?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. अर्ज अजून आमच्या पिशवीत आहे. अंगठ्याचे आम्ही पुन्हा काढलेले नाही.