बोर्ड नवा, वायर मात्र जुनीच!



गाळप हंगाम संपतो, उसाची बिले खात्यावर जमा होतात आणि गावोगाव घरांची कामे निघतात. फरशी बसते, रंग लागतो, फ्रीज, गिझर, पिठाची गिरणी येते. वीज मात्र जुन्याच वायरीतून खेळते. शेतकी खात्याच्या माणसांनी विजेत कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. पण ऊसनोंदीसाठी आम्ही तुमच्या ओसरीवर बसतो, समोरचा मेन बोर्ड पाहतो, म्हणून स्पष्ट लिहितो: काटकसर फरशीत करा, वायरीत आणि अर्थिंगमध्ये नको.

पाइपलाइन टाकताना तुम्ही आधी अंतर आणि मोटारीचा एचपी पाहता. लांब अंतराला बारीक पाइप टाकला की टोकाला धार पडत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. विजेचेही तसेच आहे. परसातल्या विहिरीवरची १ एचपीची सिंगल फेज मोटार साधारण ७ अँपिअर घेते. विहीर बोर्डापासून १०० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन वायर २०० मीटर होते. ती १.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची असली तर सुमारे १८ व्होल्ट वाटेतच मुरतात. ४ चौरस मिलिमीटरची असली तर सातच. मुरलेली वीज वायर तापवते, आणि दाब कमी पडून मोटारही तापते.

घरात दिव्या-पंख्यांना १.५, पॉवर प्लगला २.५ आणि मोठ्या गिझरला किंवा एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, हा साधा हिशेब लक्षात ठेवा. एमसीबी वायरीचा राखणदार आहे. म्हणून १.५ च्या वायरीला १० अँपिअरपेक्षा, २.५ ला १६ पेक्षा आणि ४ ला २० पेक्षा मोठा बसवू नका. एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२ चा बसवणे, किंवा जुन्या किटकॅट फ्यूजला जाड तार गुंडाळणे, म्हणजे राखणदार ओरडतो म्हणून त्याचेच तोंड बांधणे. मग वायर जळेपर्यंत कोणाला पत्ता लागायचा नाही.

आता अर्थिंग. पनवेलजवळचे शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. तेथे आमच्या नात्यातल्या एका घरी वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येत. पाहिले, तर अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधलेली. लोखंडी पाइप जमिनीत होता तोवर निभावले. पुढे नळ प्लास्टिकच्या पाइपावर आला आणि अर्थिंग अधांतरी लटकले! कोकणातल्या पावसाने जमीन चिंब, पण वायर त्या ओलीपर्यंत पोचतच नव्हती. आपल्याकडे उलटी गत: पाइप जमिनीत असतो, पण उन्हाळ्यात काळी माती भेगाळून त्याला सोडते.

तेव्हा भिंतीपासून दीड मीटर दूर, निदान अडीच मीटर लांबीचा ४० मिलिमीटरचा जीआय पाइप उभा पुरा. भोवती कोळसा आणि मीठ भरा, वर झाकणाचा खड्डा ठेवा. घरातल्या वायरिंगमध्ये अर्थची वायर फेजच्याच जाडीची घ्या. ती न्यूट्रलला जोडून मोकळे होण्याची कोणाला सवय असेल, तर ती आजच मोडा.

एवढ्यावरही निर्धास्त राहू नका. खड्ड्याचा रोध २० ओहम असला, तर २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअरच जमिनीत जातात. १६ चा एमसीबी तेवढ्याने पडत नाही, आणि गिझरचे पत्र्याचे अंग जिवंतच राहते. म्हणून मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गळती होताच तो क्षणात पुरवठा तोडतो. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

कोणी म्हणेल, "इतकी वर्षं काय बिघडलं?" बिघडते एकदाच, आणि तेव्हा अंघोळीला गेलेली सून असते किंवा मोटार लावायला गेलेला पोरगा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि अर्थचा रोध मोजून कागदावर लिहून घ्या. मृगाच्या आत एवढे उरका. आणि उन्हाळ्यात उसाला पाणी धराल, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यातही दोन घागरी ओतायला विसरू नका.