अंग चोरणारे गिऱ्हाईक

कातडी जाकीट मापाने शिवून घेण्याची हौस अलीकडे आपल्याकडे बरीच दिसू लागली आहे. ज्या मुंबईत थंडी पाहुण्यासारखी चार दिवस राहून जाते तिथे हे सोंग कशाला, असे विचारणारे विचारोत. मी त्यांच्यातला नाही. मोटारसायकलवरून घाट उतरणाऱ्याला, लडाखकडे निघालेल्याला किंवा नुसतेच आरशापुढे उभे राहून बरे वाटणाऱ्याला जाकीट हवे असेल तर त्याने ते खुशाल घ्यावे. आणि घ्यायचेच तर शिवून घ्यावे. माझे भांडण हौसेशी नाही. ती पुरवून घेण्याची आपली जी रीत आहे, तिच्याशी आहे.

रीत अशी. गृहस्थ धारावीत येतो. खिशातून मोबाइल काढून एका परदेशी नटाचे छायाचित्र दाखवतो आणि ‘हुबेहूब असेच हवे’ म्हणून सांगतो. कारागीर टेप घेऊन पुढे होतो, तर हा दोन पावले मागे सरतो. ‘माप कशाला? माझी साइज बेचाळीस.’ मग किंमत विचारतो, निम्मी करून मागतो, आणि शनिवारी संध्याकाळी हवे म्हणून बजावून जातो. पुढे बाही आखूड झाली की कारागिराच्या नावाने बोटे मोडायला मोकळा!

आता या गृहस्थाला कातडे म्हणजे काय ते कोणी तरी सांगितले पाहिजे. कापड ठाणातून येते. आज बिघडले तर उद्या त्याच ठाणातले आणखी वारभर फाडता येते. मेंढीचे कातडे मेंढीएवढेच असते. एकेक पाच ते सात चौरस फुटांचे; आणि एका जाकिटाला, वाया जाणारे धरून, सुमारे चाळीस चौरस फूट लागते. म्हणजे सात-आठ जनावरांची कातडी रंगाला रंग आणि पोताला पोत जुळवून निवडावी लागतात. प्रत्येकावर काट्याचा ओरखडा, गोचिडीचा डाग कुठे ना कुठे असतोच. पाठीच्या कण्याकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल. पाठीचा तुकडा पाठीला आणि सैल भाग काखेखाली, हा हिशेब डोळ्यांनी करून मग एकेक तुकडा कापायचा. कापडाप्रमाणे चार घड्या घालून कात्री चालवता येत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कातड्याला क्षमा नाही. कापडाची शिवण उसवली तर इस्त्रीखाली भोके बुजून जातात. कातड्यात सुई एकदा गेली की ते भोक जन्माचे. दाट टाके म्हणजे मजबूत शिवण, हा समजही कापडाचाच. इथे इंचाला सात-आठ टाके पुरे. त्याहून दाट घातले तर पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखी भोकांची रांग होते आणि कातडे तिथेच फाटते. शिवणीच्या कडा दुमडण्याआधी आतून तासून पातळ कराव्या लागतात. त्यात हात जरा जड पडला की सगळा तुकडा फुकट. ते नुकसान कोणी सोसायचे? कारागिराने!

म्हणूनच कातड्याला सुई लावण्याआधी मांजरपाटाचा कच्चा कोट शिवून अंगावर बसवून पाहावा, आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. मोटारसायकलसाठी जाकीट असेल तर माप हात पुढे करून, बसून द्यावे. उभ्याने दिलेल्या मापाची बाही हँडल धरताच मनगट सोडून वर सरकते. जाकिटाखाली जे घालणार तेच घालून जावे. मऊपणा हवा तर मेंढी घ्यावी, टिकाऊपणा हवा तर बकरी. अस्सलपणाची परीक्षा म्हणून काडी ओढून दाखवणाऱ्याच्या नादी लागू नये. कापलेली कड पाहावी. तंतू दिसले पाहिजेत, फडक्यावर चढवलेले प्लास्टिक नव्हे.

हे सर्व करायचे तर त्या माणसापुढे उभे राहावे लागते. त्याचा हात खांद्याला, काखेला, पाठीला लागू द्यावा लागतो. आणि मला संशय आहे, गृहस्थ दोन पावले मागे सरतो तो काही केवळ घाईपायी नव्हे. कापड शिवणाऱ्या शिंप्यापुढे हाच मनुष्य हात पसरून निमूटपणे उभा राहतो! ज्याच्या हातचा जोडा पायात घालायचा त्याचा हात मात्र अंगाला लागू द्यायचा नाही, हा व्यवहार या महाराष्ट्राने शतकानुशतके केला. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता कागदावरून गेली. कागदावरून! संत रोहिदासांच्या तसबिरीला हार घालणारे हात त्यांच्या व्यवसायाला मजुरी देताना का आखडतात, याचे उत्तर मला तरी कोणत्याही शाळेच्या पुस्तकात सापडलेले नाही.

सोनाराची घडणावळ आपण मुकाट्याने देतो. तिथे कोणी ‘सोन्याचे घ्या, घडवल्याचे कसले?’ म्हणत नाही. धारावीत मात्र हेच विचारले जाते. कातडी कमावण्याचे तिथले बहुतेक कारखाने आता उठून गेले; माल चेन्नई-कानपूरकडून येतो. कातड्याचा भाव पेढीवर ठरलेला, चेनचा भाव ठरलेला, अस्तराचाही ठरलेला. तुम्ही निम्मी किंमत मागता तेव्हा त्यातले काहीही निम्मे होत नाही. निम्मी होते ती पोटमाळ्यावर यंत्राशी वाकून बसलेल्या माणसाची मजुरी. मग तो मराठी चर्मकार असो, तमिळ असो की बिहारहून आलेला पोऱ्या असो.

जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा आपण केवढे खवळलो! खवळलो ते योग्यच झाले. कंपनीला ते ऋण कबूल करावे लागले. पण त्या दिवसांत मुठी आवळणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या चपला शिवणाऱ्याचे नाव ठाऊक होते? परक्याने नाव घेतले नाही तर ती चोरी, आणि आपण घेतले नाही तर तो बाजार, ही मखलाशी झाली.

कोणी म्हणेल, मास्तर, पूर्ण मजुरी, कच्चा कोट, महिनाभराची सवड, हे सगळ्यांनाच कसे परवडावे? नसेल परवडत तर जाकीट शिवू नये. म्हशीच्या जाड कातड्याचा कमरेचा पट्टा करून घ्यावा. चांगला केलेला वर्षानुवर्षे जातो. त्याला एकच माप लागते. तेवढे तरी त्याला घेऊ द्यावे.