मीटर कोणाच्या नावावर?

विजेचे पैसे आधी घ्यावेत की नंतर, हा वाद गेली काही वर्षे देशभर गाजतो आहे. वीजवितरण सुधारण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्याचा संकल्प होता. महाराष्ट्रात त्याविरुद्ध एवढा लोकक्षोभ उसळला की, सामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसविले जाणार नाहीत, अशी घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना जून २०२४ मध्ये करावी लागली. मात्र या साऱ्या वादात एका मोठ्या वर्गाचे नाव कोणी घेतले नाही. तो वर्ग भाडेकरूंचा. वीज तो जाळतो, पैसेही तोच मोजतो. पण मीटरवर त्याचे नाव नसते आणि बिल त्याच्या हाती पडत नाही.

हा प्रश्न किती खोल आहे हे पाहावयाचे असेल तर हैदराबादकडे पाहावे. माधापूर, गच्चीबावली, कुकटपल्ली, अमीरपेट या भागांत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी भाड्याच्या घरांत दाटीने राहतात. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग असलेल्या मराठवाड्यातून, तसेच आपल्या गोव्यातूनही तेथे मुले जातात. घर एक, बिऱ्हाडे तीन आणि मीटर मात्र एकच, अशी स्थिती अशा वस्त्यांत नवी नाही.

एका मीटरचा अर्थ काय होतो, हे आकड्यांतच पाहिलेले बरे. तेलंगणात २०२२-२३ साठी ठरलेल्या घरगुती दरांनुसार महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापर असलेल्यास पहिली ५० युनिटे १ रुपया ९५ पैसे दराने आणि पुढली ३ रुपये १० पैसे दराने मिळतात. तोच वापर २०० च्या वर गेला की पहिल्या २०० युनिटांनाच ५ रुपये १० पैसे दर लागतो आणि त्यापुढील शंभरांना ७ रुपये ७० पैसे. आता एका घरातील तीन बिऱ्हाडे प्रत्येकी ९० युनिटे वापरतात असे समजू. प्रत्येकाचा स्वतंत्र मीटर असेल तर तिघांचा मिळून वीज आकार ६६४ रुपये ५० पैसे होईल. एकाच मीटरवर तीच २७० युनिटे मोजली, तर तो १,५५९ रुपये होतो. स्थिर आकार आणि वीजशुल्क यांत धरलेले नाही. वीज तेवढीच आणि माणसेही तीच. पण मीटर एक म्हणून गरिबांस श्रीमंतांचा दर! त्यावर मालकाने सबमीटर बसवून आपल्या मर्जीचा सरसकट दर लावला, तर भाडेकरूने दाद कोणाकडे मागावी?

सरकारी सवलतीची गतही हीच होते. तेलंगणा सरकारची ‘गृहज्योती’ योजना मार्च २०२४ पासून अंमलात आली. शिधापत्रिकाधारक कुटुंबास दरमहा २०० युनिटांपर्यंत वीज मोफत असून भाडेकरूही तीस पात्र आहेत. परंतु वरच्या उदाहरणातील तिन्ही कुटुंबे पात्र असली, तरी एका मीटरवर त्यांचा वापर २०० च्या पुढे जातो आणि तिघेही सवलतीला मुकतात. कागदावर दिलेला हक्क मीटरपाशी अडतो, तो असा.

मग प्रीपेड मीटर हा यावर उपाय आहे काय? काही अंशी निश्चित आहे. बिलाच्या पद्धतीत घर सोडून गेलेल्याची थकबाकी मागे राहिलेल्यांच्या माथी बसते, हा सहनिवासातला नेहमीचा कलह आहे. आगाऊ भरणा असला की तो मिटतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४७ नुसार असा मीटर घेण्यास तयार असलेल्याकडून सुरक्षा अनामत मागता येत नाही. वर्षा-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्यास ही सवलत लहान नव्हे. दिल्ली सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये भाडेकरूंसाठी योजना जाहीर केली, तीही प्रीपेड मीटरचीच. भाडेकरार आणि भाडेपावती दाखवावी, घरमालकाच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही, असे तीत म्हटले होते. भाडेकरू बिल बुडवून जाईल, हे मालकाचे भयही त्यामुळे उरत नाही.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. याच कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेड मीटरमध्ये शिल्लक संपली की पुरवठा थांबतो. ही १५ दिवसांची उसंत तेथे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ऐन जन्माष्टमीच्या दिवशी उत्तर प्रदेशात लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची घरे यंत्रणेतील दोषामुळे अंधारात गेली. यंत्राला सण कळत नाही आणि आजारीही कळत नाही.

तथापि नोटिशीची पद्धत भाडेकरूस तारते, असेही समजू नये. जोहान्सबर्गमधील एका इमारतीतील भाडेकरू विजेचे पैसे घरमालकाकडे भरीत होते. मालकाने ते नगरपालिकेस भरले नाहीत आणि २००८ मध्ये वीज तुटली. भाडेकरूंस नोटीस मिळालीच नाही, कारण ग्राहक म्हणून नाव मालकाचे होते. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला की, अशा भाडेकरूंनाही १४ दिवसांची पूर्वसूचना मिळाली पाहिजे.

तात्पर्य, आधी की नंतर हा प्रश्न दुय्यम आहे. मीटर कोणाच्या नावावर, हा मुख्य प्रश्न आहे. ज्याचे नाव त्यालाच खालच्या टप्प्याचा दर, सवलत, नोटीस आणि तक्रारीचा अधिकार. आपल्या वीज कायद्याचे कलम ४३ जागेच्या मालकाबरोबर तेथे राहणाऱ्यालाही जोडणी मागण्याचा हक्क देते. व्यवहारात मात्र मालकाच्या संमतीवाचून अर्ज पुढे सरकत नाही. मीटर दिल्याने भाडेकरूस घरावर अधिक हक्क प्राप्त होत नाही, एवढे स्पष्ट केले तर मालकांची शंका फिटेल.

गोव्यात वीजपुरवठा कोणा कंपनीकडे नसून सरकारच्या खात्याकडेच आहे. तेव्हा वास्को, मडगाव, पर्वरी येथील भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी पहिले पाऊल उचलण्यास सरकारला कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र मीटर द्यावा. प्रीपेड की बिल, हे वापरणाऱ्याने ठरवावे. प्रीपेड घेतल्यास रात्री आणि सुटीच्या दिवशी पुरवठा तुटू नये. सबमीटर ठेवावाच लागला, तर मालकाने स्वतः भरलेल्या दराहून एक पैसाही अधिक घेऊ नये. ब्रिटनमध्ये हा नियम २००३ पासून आहे. हे न करता नुसते मीटर बदलत राहिल्याने कंपन्यांची वसुली कदाचित सुधारेल, पण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्यावरील अन्याय रेसभरही हलणार नाही.