सोसायटीची वही संगणकात गेली, पण आपला आकडा बरोबर गेला का?

तामलवाडी (ता. तुळजापूर) : विकास सोसायट्यांचा कारभार वहीतून संगणकावर नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. सुरुवातीला ६३ हजार सोसायट्या आणि २ हजार ५१६ कोटी रुपये खर्च ठरला. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर आणि ते जिल्हा बँक, राज्य बँकेमार्फत नाबार्डशी जोडायचं, असं धोरण आहे.

काम चांगलंच आहे. पण संगणक आणणं सोपं, जुन्या खतावण्या त्यात भरणं अवघड. सभासदाचं नाव, गट नंबर, शेअर्स, मुद्दल, व्याज हे सगळं जसंच्या तसं गेलं पाहिजे. त्यात व्यवहार बंद ठेवता येत नाहीत. इकडे माहिती भरणं चालू, तिकडे शेतकरी भरणा करतोय. मोटर चालू ठेवून पाइपाचा जोड बदलण्यातला प्रकार आहे हा. कुठंतरी गळणारच.

हे आपण २०१७ ला बघितलंय. जूनमध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले, बँकांना ६६ रकान्यांत माहिती द्यायला लावली. दोन्हीकडची माहिती जुळेना. एकाच आधार नंबरवर अनेक नावं निघाली. १८ ऑक्टोबरला दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली, पण बऱ्याच जणांच्या खात्यात पैसे यायला पुढं बराच काळ गेला.

२०२० च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत सरकार शहाणं झालं होतं. अर्ज नाही, माहिती थेट बँकेकडून. २४ फेब्रुवारीला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची, १५ हजार ३५८ शेतकऱ्यांची. आधी थोडक्यावर तपासलं, मग बाकीच्या याद्या. शिवाय शेतकऱ्याला स्वतःची रक्कम दाखवून अंगठा घेतला. रक्कम मान्य नसेल तर तक्रार जिल्हा समितीकडे.

यातून धडा एकच. आकडा बरोबर आहे का, हे ज्याचं खातं आहे त्यालाच विचारा.

आता यात आपलं काय अडकलंय? तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज सवलत मिळते. भरणा मार्चमध्ये केला आणि संगणकात तारीख एप्रिलची पडली, तर माणूस कागदावर थकबाकीदार होतो. सवलत जाते, नवीन कर्जाला अडचण येते. माझंच बघा, सातबाऱ्यावर नाव एका पद्धतीनं, आधारवर दुसऱ्या. माणसाला कळतं हा एकच गडी आहे, संगणकाला कळत नाही.

म्हणून आपल्या गावच्या सोसायटीत तीन गोष्टी करा.

१) खात्याचा छापील उतारा मागा आणि जुन्या पावत्यांशी ताडून बघा.
२) नाव, आधार, गट नंबर एकसारखे आहेत का ते पाहा.
३) चूक असली तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

सचिवावर एकट्यावर ढकलून चालणार नाही. एकेका माणसाकडं शेकडो खाती असतात. संचालकांनी वार्षिक सभेत सभासदनिहाय बाकीची यादी वाचून दाखवावी, बोर्डावर लावावी. आणि सगळी खाती जुळेपर्यंत जुन्या वह्या कुणी रद्दीत घालू नयेत. संगणक चुकला तर शेवटचा पुरावा तीच वही आहे.