पंधरा दिवस कधी घ्यायचे?

बंगळुरूच्या आमच्या फॅमिली क्वार्टर्समध्ये सध्या तीन घरांत तान्ही बाळं आहेत. आजी सांगली-साताऱ्याहून येते, बारसं उरकून परतते. मग बाळंतीण एकटी आणि बाप परेडवर.

केंद्र सरकारी नोकरांना १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, फौजेतही मिळते. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती घेता येते. माझं स्पष्ट मत : सिझेरियन असेल तर गोष्ट वेगळी, एरवी आजी घरात असताना ती संपवू नका. आजी गाडीत बसली की रजेवर या.

तान्हं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. पाजणं आईचं, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणं बापाला जमतं. सेंट्री आपण पाळीपाळीने लावतो, कारण सलग जागलेला माणूस चुकतो. बाळंतिणीला हाच नियम का नको?

आणि कंपनी कमांडर मित्रांनो, हा अर्ज फायलीत खाली सारू नका. घरची काळजी लागलेल्या जवानाचं लक्ष फायरिंग रेंजवरही नसतं. १५ दिवस फार नाहीत. पूर्ण द्या, वेळेवर द्या.