घरचे काम : पीव्हीसी पट्टी कापताना



भिंतीला लावायच्या पीव्हीसी पट्टीचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. म्हणून ग्राइंडर नको, कड वितळते. हॅकसॉला इंचाला 24 किंवा 32 दात्यांचे पाते लावा, दाते पुढे. दर्शनी बाजू वर ठेवा, गुण्याने रेघ मारा आणि हलक्या हाताने कापा. कड पॉलिश पेपरने घासा.

बोदवडच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो, पट्टी वाढते. दोन्ही टोकांना 5 मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर ती फुगते.

उरलेले तुकडे चुलीत मुळीच घालू नका. त्या धुरात आम्लाची वाफ असते. लेकरांच्या छातीला बाधते.

हत्यार लेकीच्याही हाती द्या. हुन्नराला जात नसते.